खंडेनवमीची स्टेपनी

स्टेपनी जागेवर नव्हती.

मी रस्त्याच्या कडेला एक हात खडीवर टेकून गाडीखाली डोकं घातलं होतं. मागच्या बाजूला ती जिथे आडवी टांगलेली असते, तिथे नुसती साखळी लोंबत होती. मी उगाच हात घालून चाचपूनही पाहिलं. एवढं मोठं चाक, डोळ्यांना दिसलं नाही ते हाताला लागणार होतं थोडंच! पण माणूस घाबरला की असलं काहीतरी करतो.

मागचं डावं चाक पार बसलं होतं. मोहोळ सोडून पाचेक किलोमीटर आले होते, सोलापूर अजून सत्तावीस. सकाळचे सव्वाआठ. मागे कडक भाकरीची चाळीस खोकी होती आणि ती अकराच्या आत सोलापुरात बिराजदारांच्या दुकानात पोचायला हवी होती.

उठले, साडीला हात पुसले आणि सीटखालचा पत्र्याचा खण उघडला. जॅक नव्हता. पाना नव्हता. नुसतं फडकं होतं, तेही नीट घडी घातलेलं. त्या घडीकडे बघितलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. आज खंडेनवमी!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पूजतात. शेतकरी कोयता-कुऱ्हाड मांडतो, सुतार पटाशी-रंधा, शिंपी कात्री. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. आमचे मालक, रेवणसिद्ध, चौदा वर्षं ट्रकवर ड्रायव्हर होते. त्यांचं हत्यार म्हणजे जॅक आणि पाना. दर खंडेनवमीला ते दोन्ही घासूनपुसून पाटावर बसायचे. गाडीतला जॅक-पानाही त्यांनीच आणून दिलेला. तो त्यांनी पूजेला काढला असणार, बरोबर स्टेपनीही, आणि मला सांगायला विसरले असणार. मी मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या हासडल्या. त्या वेळी तेवढ्यावरच भागलं.

चूक माझीही होती. रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी मी बोनेट उघडायचे. ऑइलची पट्टी काढून बघायची, रेडिएटरचं पाणी, ब्रेकचं ऑइल, पट्टा बोटाने दाबून बघायचा, मग दांडक्याने चारही टायर ठोकायचे आणि शेवटी वाकून स्टेपनी. त्या दिवशी सगळं केलं, वाकले तेवढी नाही. काल संध्याकाळी तर बघितली होती, आणि तिकडे बायका खोकी घेऊन ताटकळल्या होत्या.

हे सगळं मला मालकांनीच शिकवलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचा ट्रक पुलाच्या कठड्याला धडकला. उजव्या पायात सळई घातली. पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेना, ट्रक सुटला. तेव्हापासून ते ओट्यावर बसून असायचे. आमच्या सावली बचत गटाला एका योजनेतून ही पांढरी बंद गाडी मिळाली आणि चालवणार कोण हा प्रश्न आला, तेव्हा मीच पुढे झाले. मालकांनी मला शाळेच्या मैदानावर दोन महिने गाडी शिकवली. तोंडाने कडक, हाताने मऊ. क्लच दणकन सोडला की ओरडायचे आणि संध्याकाळी चहा स्वतः करून द्यायचे.

गावातल्या पुरुषांना मात्र ते बघवलं नाही. चावडीवर बोलणं व्हायचं. "बाई रस्त्यात अडकली की नवऱ्याला हाक मारणार. मग त्यालाच द्या की किल्ली!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. आमच्या अध्यक्षा कलावतीताई म्हेत्रे. त्यांनी सगळ्यांच्या विरोधात जाऊन किल्ली माझ्या हातात दिली, पण देताना म्हणाल्या होत्या, "महानंदा, वरीसभर बघू. एकदा जरी माल बुडाला, तर मला तुझी बाजू घेता यायची न्हाई." त्याला आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत मी एकदाही कुणाला हाक मारली नव्हती. दोनदा पंक्चर झालं, दोन्ही वेळा चाक मीच बदललं. एकदा पट्टा तुटला, तेव्हा मैलभर चालत जाऊन आणला. घरी आल्यावर सांगायचे, "आज असं असं झालं आन् मी असं असं केलं." मालक ऐकून घ्यायचे. आधी रोज सकाळी काठी टेकत माझ्याबरोबर गाडीपाशी यायचे, बोनेटमध्ये डोकावायचे. मग मीच एकदा म्हणाले, "तुमी कशाला उठताव एवढ्या लवकर? मला येतंय आता." दुसऱ्या दिवसापासून ते उठले नाहीत.

तर मी गाडीच्या मागे दहा पावलांवर दगड मांडले, बाभळीची एक फांदी मोडून आणून रस्त्यावर टाकली, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं, आणि पुढे चालत निघाले. अर्ध्या किलोमीटरवर पंक्चरचं दुकान आहे हे ठाऊक होतं. सिद्राम म्हातारा भला माणूस. जाता-येता हात करायचा.

दुकानापाशी पोचले तर दार सताड उघडं, सारवलेलं, रांगोळी काढलेली. सिद्राम धुतलेलं धोतर नेसून बाजेवर बसला होता. हवेच्या मशीनला झेंडूची माळ. टायर उचकटायची टॉमी, पाने, जॅक, हातोडा, सगळं ओळीने पाटावर, प्रत्येकाला कुंकवाचं बोट.

"सिद्राममामा, चाक बसलंय. चला की जरा."

"अरारा! आज?" त्याने खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. "ताई, पूजा झाली की ओ आत्ताच."

"मग जॅक तरी द्या, मी खोलते. चाक हितं ढकलत आणते."

"जॅक बसलाय पाटावर."

"नुसती हवा भरा मग. थोडी तरी हवा, मामा! हवा म्हणजे काय हत्यार हाय का?"

"मशीन हाय की." त्याने माळेकडे बोट दाखवलं. "चाळीस वर्सं झाली. माझ्या बापानं मोडलं न्हाई, मी मोडत न्हाई. उद्या सकाळी सोनं वाटायच्या आधी पयलं काम तुमचं. बसा, च्या घ्या. पेढा घ्या."

मी हात जोडले. गटातल्या बावीस बायकांची नावं घ्यायची तेवढी राहिली. सांगितलं की आठवडाभर बायका चुलीपुढे बसल्यात, हा माल पसंत पडला तर दुकानदार बारा महिने आमच्याकडूनच घेणार आहे, आज नाही पोचला तर संपलं. म्हातारा ऐकत होता, मान हलवत होता, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं त्याच्या. पण उठला नाही. पेढा मात्र माझ्या हातावर ठेवलाच. मी तो तिथेच ओट्यावर ठेवून परत फिरले. मला त्याचा इतका राग आला होता की आजही झेंडूच्या माळेत मशीन बघितलं की माझं डोकं फिरतं.

परत येताना मी कलावतीताईंना फोन लावला. छोटा बटणांचा फोन होता, पदराच्या गाठीत असायचा.

"ताई, चाक बसलंय. थोडा उशीर होईल. बिराजदारांना तेवढं सांगून ठेवा."

"अगं मग स्टेपनी टाक की! किती वेळ लागतोय?"

"टाकते. तुमी काळजी करू नका."

का बोलले मी तसं? खरं सांगितलं असतं तर त्यांनी कुणाला तरी धाडलं असतं. पण "स्टेपनीच नाही" हे तोंडातून निघेना. मग बिराजदारांनाही मीच फोन केला. ते म्हणाले, "माल न्यायची पुण्याची गाडी अकराला सुटते, ताई. फार तर वीस मिनटं थांबवतो. त्याच्यावर माझ्या हातात न्हाई."

गाडीपाशी येऊन उभी राहिले. ट्रक येत होते, जात होते. बरेचसे हार घातलेले, बोनेटवर स्वस्तिक. दोन थांबले. एकाचा जॅक घरी पूजेला, दुसऱ्याचा जॅक जड गाडीचा, आमच्या गाडीखाली शिरेना. नऊ वाजून गेले. उन्हाने पत्रा तापायला लागला.

साडेनऊला एक ट्रॅक्टर आला. ट्रॉली झेंडूने शिगोशीग भरलेली, दसऱ्यासाठी सोलापूरच्या बाजाराला निघालेली. चालवणारा नागनाथ नावाचा, चाळिशीतला, मिशा पिळलेल्या. त्याने न विचारताच ट्रॅक्टर बाजूला घेतला.

"काय झालं, वहिनी?"

मी सांगितलं. त्याने चाकाकडे पाहिलं, रिकाम्या साखळीकडे पाहिलं.

"गाव कुठलं?"

"सावळेवाडी."

"म्हणजे अठरा किलोमीटर. मग घरी फोन लावा की! कुणीतरी मोटरसायकलवर जॅक-स्टेपनी घेऊन येतंय. अर्ध्या तासाचं काम."

"घरी कुणी न्हाई," मी म्हणाले.

इतकं पटकन निघालं ते तोंडातून, की माझं मलाच नवल वाटलं. नागनाथने पुन्हा विचारलं नाही. तो म्हणाला, "मग खोकी टाका माझ्या ट्रॉलीत. बाजाराच्या अलीकडंच दुकान हाय तुमचं. पण ट्रॅक्टर हाय, वहिनी, पळत न्हाई फार."

फुलांवर पाणी मारलेलं होतं, ते मला दिसत होतं. मी आंधळी नव्हते. कडक भाकरी म्हणजे काय, तर ज्वारीची, कागदासारखी पातळ, चुलीवर वाळवून वाळवून कटकन मोडेल अशी केलेली. तिला दुसरा शत्रू नाही, ओल हा एकच. मी गाडीतला प्लास्टिकचा कागद काढला, दुहेरी करून फुलांवर अंथरला, वर माझं गोधडीचं बस्कर टाकलं आणि दोघांनी मिळून चाळीस खोकी चढवली. गाडीला कुलूप लावलं. ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसले आणि सत्तावीस किलोमीटर मागे वळून वळून खोक्यांकडे बघत राहिले. ऊन वाढलं तशी फुलं खालून वाफा टाकू लागली. मला वास येत होता. मी स्वतःला सांगत होते, कागद दुहेरी आहे.

बिराजदारांच्या दुकानापुढे पोचलो तेव्हा अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती. पुण्याची गाडी उभी होती. माणसाने शब्द पाळला होता, उलट स्वतः बाहेर येऊन रस्त्यावर थांबला होता.

"आलात, बरं झालं! उतरवा, उतरवा," म्हणाले. आणि सवयीने एका खोक्यातून एक कागदी पाकीट काढून फोडलं, भाकरी हातात घेतली, मोडायला गेले.

भाकरी मोडली नाही. वाकली.

त्यांनी पुन्हा वाकवली. दोन्ही टोकं एकमेकांना टेकली, पण तुकडा पडला नाही. त्यांनी दुसरं खोकं उघडलं, तळातलं. मग वरचं. वरच्या दहा-बारा खोक्यांतला माल बरा होता, खालचा सगळा मऊ. ते माझ्यावर ओरडले असते तर मला सोसलं असतं.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "ही कडक भाकरी म्हणून मी पुण्यात कुणाला देऊ?"

पुण्याची गाडी दुसऱ्याच कुठल्या तरी गटाचा माल घेऊन गेली. नागनाथ खाली मान घालून उभा होता. "वहिनी, माझ्या फुलांनी घात केला तुमचा," म्हणाला. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

दुकानाच्या पलीकडच्या गल्लीत एक पंक्चरवाला होता, इरफान. त्याला खंडेनवमीचं काही नव्हतं, दुकान सुरू होतं. तो स्कूटरवर जॅक आणि हवेचा पंप घेऊन मला मागे बसवून गाडीपर्यंत आला. चाकाशी बसला, हात फिरवला, थोडी हवा भरली आणि वॉल्व्हला थुंकी लावून बघितली. बुडबुडे आले.

"ताई, हे पंक्चर न्हाईच."

"म्हणजे?"

"वॉल्व्हची पिन ढिली केलीय कुणीतरी. अशी बरोब्बर अर्धा आटा. सकाळी भरल्यावाणी वाटतंय, अन् तास-दीड तासानं चाक बसतंय. आपोआप ढिली होत न्हाई ही. बघा, टोपणबी न्हाई वर." त्याने पिन आवळली, हवा भरली. "झालं. जावा आता."

वीस मिनिटं लागली असतील. चाक खोलायचीसुद्धा गरज पडली नाही.

मी गाडी सुरू केली आणि गावाकडे वळवली. रात्रीपासून सकाळी मी निघेपर्यंत गाडी आमच्याच अंगणात असायची, फाटकाला आतून कडी. चाकाची पिन अर्धा आटा सोडायची, कमी नाही, जास्त नाही, हे अख्ख्या गावात एकाच माणसाला जमलं असतं. मी ते नाव मनातसुद्धा घेत नव्हते. नुसती गाडी चालवत होते, गिअर बदलत होते.

गटाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका बसूनच होत्या. बिराजदारांचा फोन आधीच आला होता. कुणी चुली पेटवल्या नव्हत्या. कलावतीताई मधे, पाटावर.

"काय झालं ते सांग," त्या म्हणाल्या.

"पंक्चर झालं. स्टेपनी आन् जॅक घरी राहिला. खंडेनवमी म्हणून पूजेला काढला हुता. मी सकाळी बघितलं न्हाई. माझी चूक."

कोपऱ्यातून गंगूबाई म्हणाली. सत्तरीची बाई, भाकरी थापायला तिच्यासारखा हात नाही. "जॅक ठीक हाय. पर टायर कोण पूजतंय गं बाई?"

"आमच्यात पूजतात," मी म्हणाले.

मला आजही कळत नाही मी त्यांना का झाकलं. प्रेमाने नाही, एवढं नक्की. माझ्या नवऱ्याने माझ्या गाडीची हवा सोडली, हे बावीस बायकांपुढे सांगायची मला लाज वाटली. त्यांची नाही, माझी.

कलावतीताई माझ्याकडे एकटक बघत होत्या. "म्हणजे स्टेपनी घरी हुती. जॅक घरी. रेवणसिद्धबी घरीच असणार, कुठं जातोय तो? मग फोन का केला न्हाईस?"

"रेंज नव्हती."

"मला लागला. बिराजदारांनाबी लागला. घरीच तेवढी रेंज न्हाई?"

मी काही बोलले असते तरी ते खोटंच निघालं असतं. बावीसजणी होत्या, सगळ्या नवरेवाल्या किंवा नवरे सोसलेल्या. एकीलाही समजावून सांगायची गरज पडली नाही.

"अर्ध्या तासात माल निघाला असता," कलावतीताई म्हणाल्या. "या बायकांनी आठ दिवस धूर खाल्लाय. त्या गंगूबाईचे डोळे बघ. आन् तू रस्त्यात उभी राहून ताठा सांभाळत बसलीस. चावडीवरचे लोक काय म्हणतील म्हणून. व्हय ना?"

"व्हय," मी म्हणाले.

"ठेव किल्ली."

मी किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. कलावतीताई रडत होत्या. मी नाही.

शेडपासून घर दोन मिनिटांवर. चालत गेले. फाटकापाशीच थांबले.

दारात शेजारच्या भीमाशंकरची मोटरसायकल उभी होती. मागच्या सीटवर माझी स्टेपनी दोरीने आवळून बांधलेली. हँडलला पिशवी, पिशवीतून जॅकचा दांडा बाहेर आलेला. मी जवळ जाऊन बघितलं. जॅकवर कुंकू नव्हतं. पान्यावर नव्हतं. टायरवर तर नव्हतंच. त्या दिवशी आमच्या घरात कसलीच पूजा झाली नव्हती.

मालक ओट्यावर बसले होते. इस्त्रीचा सदरा, पायात चपला, हातात फोन. सकाळपासून तसेच बसले असणार. पुढ्यात भाकरीचं ताट झाकलेलं होतं, तसंच.

"आलीस?" ते म्हणाले. "गाडी कुठाय?"

"गाडी गटाकडं. किल्लीबी."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "म्हणजे?"

"माल बुडाला. ओला झाला. किल्ली घेतली त्यांनी."

"बुडाला कसा? मी हितं..." त्यांनी मोटरसायकलकडे हात केला. "मी हितं तयार बसलो हुतो गं. आठपासनं. तू फोन करशील म्हणून."

"पिन तुमी सोडली."

ते गुडघ्यावर हात घासत राहिले.

"मागचंच चाक घेतलं," म्हणाले. "पुढचं घेतलं असतं तर गाडी वडली असती, तुला काय झालं असतं. एवढं कळतंय मला. आटाबी मोजून सोडला. मोहोळच्या पुढं सपाट रस्ता हाय, तिथंच बसणार हे ठाऊक हुतं. अर्ध्या तासात आलो असतो. धा मिनटात चाक बदललं असतं. साडेधाला तू सोलापुरात असतीस, माल कोरडा. सगळा हिशेब केलता मी."

"कशाला?"

"किल्ली घेतल्यापासनं एकदाबी बोलावलं न्हाईस मला." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "ट्रकवर हुतो तवा चार राज्यांतनं लोक फोन करायचे. रेवणसिद्ध, गाडी बंद पडलीय, काय करू. आता घरात गाडी हाय, बायको चालवतीय, आन् मला कुणी विचारत न्हाई पाणी घातलं का. म्हणलं, एकदा तरी म्हणशील. अहो, अडकलेय, या."

"मग न बोलावता यायचं हुतं! दहा वाजले, अकरा वाजले, कळत नव्हतं?"

"धा वाजता पाय तसाच ताठ ठिवून गाडीवर बसलो हुतो. परत उतरलो." त्यांनी मान हलवली. "न बोलावता आलो असतो तर काय म्हणाली असतीस तू?"

काय म्हणाले असते ते मला पक्कं ठाऊक होतं. कुणी सांगितलं होतं यायला, असंच म्हणाले असते. चारचौघांत म्हणाले असते, त्या नागनाथपुढे. आणि तरी त्या क्षणी मला त्यांची दया आली नाही. एका माणसाच्या हौसेपायी बावीस बायकांचा आठवडा चिखलात गेला होता, माझे आठ महिने गेले होते, आणि हा माणूस इस्त्रीचा सदरा घालून हिशेब सांगत होता.

"फोन केला असतास तर," ते पुन्हा म्हणाले, "मी पोचलो असतो गं."

"पोचला असता," मी म्हणाले. "ते ठाऊक हुतं. म्हणूनच लावला न्हाई."

हे मी रागाच्या भरात ओरडून म्हणाले असते तर कदाचित पुढे पुसलं गेलं असतं. नवरा-बायकोत बरंच काही पुसलं जातं. पण मी ते हळू म्हणाले, विचार करून, त्यांच्या डोळ्यांत बघून. ते खरंही होतं. ते उठले, पाय ओढत मोटरसायकलपाशी गेले आणि दोरीच्या गाठी सोडायला लागले. गाठी घट्ट बसल्या होत्या, सुटेनात. मी मदतीला गेले नाही. आत जाऊन चूल पेटवली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत एकटेच कलावतीताईंकडे गेले आणि पिन आपण सोडली हे सांगून आले. त्याचा उपयोग उलटाच झाला. ज्या बाईच्या घरातच गाडीला धोका, तिच्याकडे गाडी कशी द्यायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि मोहोळचा एक ड्रायव्हर ठेवला. त्याने दीड वर्षात इंजिनाचं वाटोळं केलं. ऑइलची पट्टी तो कधी काढायचाच नाही. मी पुन्हा चुलीपुढे बसले, गंगूबाईशेजारी.

मालक त्यानंतर अकरा वर्षं जगले. आमचं भांडण असं पुन्हा कधी झालं नाही. बोलणं व्हायचं, जेवणखाण व्हायचं, सणवार व्हायचे. फक्त एक झालं. मी आत भाकरी करत असले आणि त्यांना पाणी प्यायला जरी यायचं असलं, तरी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि विचारायचे, "येऊ का?"